सोडा गेला कुठं

हिंगणी
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय दीपमाला,
जय सेवा.

तुझा फोन उन्हाळ्यापासून बंद येते, म्हणून पत्र लिहून राह्यली. नालवाडीच्या घरच्या पत्त्यावर टाकते. तुझे बाबा, काकाजी, तुझ्या कारखान्याच्या गावी पुढं पाठवतील. लग्न झालं अन् माझं शिक्षण बारावीवर थांबलं, तू मात्र केमिस्ट झाली. आता त्याचा उपयोग मले करून दे.

यंदा मोहाच्या बिया, आम्ही त्याले टोरी म्हणतो, लय निघाल्या. आमच्या बायांच्या गटानं तेल काढलं. मी म्हटलं, तेल असंच ठेवण्यापेक्षा साबण करू. मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला, वर्ध्याहून कॉस्टिक सोडा आणला अन् अंगणात जर्मनच्या गंजात पाणी घेऊन त्यात सोडा सोडला.

खाली चूल नव्हती. तरी गंज उकळाले लागला. फेस वर आला, वाफ नाकात झोंबली, अन् पाहता पाहता गंजाच्या बुडाले भोक पडलं. धार कोंबड्यांकडं चालली म्हणून माह्या सासूनं, बायजामायनं, गंज हातानं तिरपा केला. तिचे पंजे जयले. कोणी सांगतलं म्हणून मी त्याच्यावर लिंबू पिळलं. ती ओरडली नाई, पण आपल्या भाषेत जे बोलली ते मी लिहीत नाई.

मी आठ-दहा दिवस गेल्यावर स्टीलच्या बकेटीत साबण पुन्हा केला. यावेळी काही फुटलं नाई. चांगल्या वड्या पडल्या. आमच्या अध्यक्ष शकुंतलाबाईनं त्याच्यानं लुगडं धुतलं, तर बोटांची साल निघाली. आता त्या म्हणतात, "रुपा, हे आपलं काम नोहे. बंद कर."

मी बंद करणार नाई. पण काऊन असं होते, ते समजल्याबिगर तिसऱ्यांदा हातही लावणार नाई. गंज आगीबिगर काऊन उकळला? अन् वडी पाहाले चांगली असून हात काऊन सोलते?

तुझी,
रुपा


२१ ऑगस्ट २०२४

प्रिय रुपा,
जय भीम.

आधी बायजामायचे हात. सोडा लागला की फक्त पाणी. नळाखाली, भरपूर, जळजळ थांबेपर्यंत. लिंबू नाही. आंबट आणि सोडा यांची कातडीवरच क्रिया होते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. जखमेतून पाणी येत असेल तर सेलूच्या दवाखान्यात ने.

आता गंज. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. सोड्याचं पाणी ॲल्युमिनियमला खातं. खाताना उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. जवळ चूल नव्हती हे तुमचं नशीब. स्टील किंवा जाड प्लास्टिकच वापर. आणि नेहमी पाण्यात सोडा सोडायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही.

दुसऱ्या प्रश्नाला थोडं थांबून वाच. साखर पाण्यात घातली तर ती नुसती मिसळते; पाणी आटवलं की साखर परत मिळते. रासायनिक क्रिया तशी नसते. सोडा आणि तेल भेटले की दोघंही आपलं असणं सोडतात. सोडा जाळतो, तेल चिकटतं; त्यांच्यातून तयार होणारा साबण जाळत नाही आणि चिकटतही नाही. तो तिसराच पदार्थ आहे. पण क्रिया मापात होते. अमुक तेलाला अमुकच सोडा. त्याहून जास्त घातला तर उरलेल्या सोड्याला भेटायला तेल शिल्लक राहत नाही. मग तो वडीत तसाच बसून राहतो आणि धुणारीच्या हाताला भेटतो.

तू व्हिडिओतलं माप घेतलंस. माझा अंदाज आहे, तो व्हिडिओ खोबरेल तेलाचा असणार. खोबरेलाला जितका सोडा लागतो, त्याच्या साधारण पाऊण भागातच मोहाचं तेल पुरं होतं. पाऊण भागाहूनही किंचित कमी घे. थोडं तेल उरलेलं चांगलं. सगळं वजनानं मोज, वाटीनं नको. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणी जवळ येऊ नये.

मी बरी आहे. कामात असते, फोन बंद ठेवावा लागतो.

तुझी,
दीपमाला


हिंगणी
१० सप्टेंबर २०२४

प्रिय दीपमाला,

व्हिडिओ खोबरेलचाच होता. मी पुन्हा लावून पाह्यला, बाई सुरुवातीलेच सांगते. माझं लक्ष हातांवर होतं, तोंडाच्या शब्दांवर नव्हतं.

बायजामायचे हात भरत आले. दवाखान्यात नेलं होतं. हातावर पट्ट्या होत्या तोवर तिले भाकर मी भरवली. ती म्हणे, "मले जेवू घालाचं होतं तर सरळ सांगती, हात कायले जायले?"

तू सांगतलं तसं केलं. काटा दुकानातून मागून आणला, सोडा पाऊणपेक्षा कमी घेतला, माहा दीर दुर्गेशचा गाडी चालवाचा चष्मा लावला. वड्या चांगल्या पडल्या. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या बायांसमोर परीक्षा घेतली. आपण शाळेत करायचो ना, हळदीचं फडकं? त्याच्यावर ओली वडी घासली. फडकं लाल झालं. म्हणजे सोडा उरलाच. शकुंतलाबाई उठून गेल्या. मी सगळ्या वड्या खड्ड्यात पुरल्या.

माप तूच देल्लं होतं. म्हणून तुझं चुकलं असं म्हणत नाई. पण पत्रानं होत नाई, दीपमाला. दोन दिवसांची सुट्टी काढ अन् एकदा येऊन पाह्यजो. तुझ्या डोळ्यासमोर करते. बाया माझं ऐकत नाई, तुझं ऐकतील.

रुपा


१८ सप्टेंबर २०२४

प्रिय रुपा,

खड्ड्यातला साबण चांगला होता.

हळद कुठल्याही साबणानं लाल होते. दुकानातली वडी घासून बघ. साबण जात्याच थोडा सोड्याच्या गुणाचा असतो; त्यानं हळद लाल होते, पण कातडी जळत नाही. वडीत सोडा उरलाय की नुसता साबण आहे, हे हळद सांगत नाही. आणि तू तिसऱ्या दिवशीच बघितलंस. वडी घट्ट झाली म्हणजे क्रिया संपली असं नाही. आत ती हळूहळू चालू असते. महिनाभर तरी वाऱ्यावर ठेव, उन्हात नको. हे मी आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं.

तू घाईची आहेस, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगते. लवकर व्हावं म्हणून भांडं तापवायचं नाही. दहा अंश वाढले की क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. क्रिया स्वतःच उष्णता देत असेल तर ती उष्णता क्रियेला पळवते आणि पळणारी क्रिया आणखी उष्णता देते. बाहेरून थंड करणारं काही नसेल तर मग भांडं कुणाचं ऐकत नाही. वरची झडप बंद केली तरी आत जे आधीच गेलेलं आहे ते आहेच. तापमानाचा काटा चढत जातो आणि आपण बघत राहतो. माणसानं अशा वेळी भांड्याजवळ थांबू नये. कुणी कितीही सांगितलं तरी थांबू नये.

सुट्टी मिळणार नाही. येणं जमणार नाही.

दीपमाला


हिंगणी
३ ऑक्टोबर २०२४

दीपमाला,

परवा दुर्गेश वर्ध्याले गेलता. त्यानं तुले बसस्टँडवर पाह्यलं. काकाजी सोबत होते. तुझ्या डाव्या हाताले ओढणी गुंडाळली होती. त्यानं आवाज देल्ला तर तू तोंड फिरवलं.

खरं सांगते, मले पहिले राग आला. वाटलं, पोट्टी मोठ्या कारखान्यात गेली, आता आमच्या अंगणात याले तिले लाज वाटते. वर्ध्यात बसून सुट्टी नाई म्हणते. दोन दिवस मी तुझं नाव घेतलं नाई.

मंग तुझं शेवटचं पत्र पुन्हा काढलं. झडप बंद केली तरी, असं तू लिहिलं. साबणाच्या बकेटीले झडप कुठं असते? अन् चढणारा काटा कुठं असते? ते भांडं माझं नव्हतं, दीपमाला.

तुले सांगावं वाटलं तर सांगजो. नाई वाटलं तरी मी पत्र टाकत राहीन.

रुपा


नालवाडी
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय रुपा,

हे पत्र मी अनेकदा सुरू केलं. दुर्गेशला माझ्याकडून माफी माग. त्याचा आवाज ऐकला होता.

मी मे महिन्यापासून घरीच आहे.

आमच्या कारखान्यात एका मोठ्या बंद भांड्यात दोन पदार्थांची क्रिया व्हायची. ती खूप उष्णता देते, म्हणून दुसरा पदार्थ वरच्या झडपेतून थेंबाथेंबानं सोडतात आणि भांड्याभोवती गार पाणी फिरवतात. पाणी फिरवणारा पंप अडखळत होता. मी तोंडी सांगितलं, लिहूनही दिलं. वरून उत्तर आलं, ही एक बॅच निघू द्या, मग बघू.

भांड्यावर सदाशिवराव होते. निवृत्तीला आलेले ऑपरेटर, मला पोरी म्हणायचे. त्या दुपारी पंप थांबला. काटा चढायला लागल्याबरोबर त्यांनी झडप बंद केली. मी शेजारी उभी होते, मी पाहिलं. पण आत गेलेलं आतच होतं. ते म्हणाले, "पोरी, तू जा." मी काट्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं, उतरेल. त्यांनी मला दंडाला धरून दाराबाहेर लोटलं आणि स्वतः वाफ सोडायला मागे वळले. तेवढ्यात झाकण उडालं. माझा डावा हात दाराच्या आत होता, तेवढाच भाजला. ते दवाखान्यात चार दिवस होते, मग गेले.

आता कारखाना म्हणतो, सदाशिवरावांनी दुसरा पदार्थ घाईनं सोडला, चूक त्यांची. माझ्याशिवाय पाहिलेलं कुणी नाही. जानेवारीत चौकशी आहे. मला बोलावलंय. तब्येत बरी नाही, असं मी कळवून टाकलं.

रुपा, मी गॅसजवळ उभी राहू शकत नाही. चहा बाबा करतात. कुकरची शिट्टी झाली की मी अंगणात जाते. तिथे जाऊन, त्या माणसांसमोर, ते भांडं पुन्हा सांगायचं म्हणजे काय, ते तुला कळतंय ना? तुला पत्रातून सगळं शिकवणारी बाई बकेटीजवळ येऊ शकत नव्हती. सुट्टीचं खोटं होतं.

दीपमाला


हिंगणी
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीपमाला,

पत्र मी दोनदा वाचलं. बायजामायनं विचारलं, तर तिले सगळं सांगतलं. तुले विचारलं नाई, पण तिच्यापासून लपवता येत नाई.

ती आपले हात पाहत होती. मंग म्हणाली, "तिले म्हण, भेव गेल्यावर येजो असं नाई. भेव घेऊन ये. मी बी तसंच करून राह्यली." मी म्हटलं, तू कधी? तर म्हणे, "तू दुसऱ्यांदा बकेट काढली तवा मी काय मौजेनं जवळ बसलती?" मले माहीत नव्हतं, दीपमाला. मले वाटलं, तिले काही वाटतच नाई.

आता मी काय ठरवलं ते ऐक. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात साबण करणार. सगळ्या गटासमोर. शकुंतलाबाईले मी घरी जाऊन सांगून आली. त्या म्हणाल्या, "मी येईन, पण दूर बसीन." तू त्यांच्याजवळ बसजो. कोणी तुले पुढं ओढणार नाई. उठून जावंसं वाटलं तर दुर्गेश तुले बसपर्यंत सोडून देईन.

सदाशिवरावच्या घरी कोण हाय, ते तू लिहिलं नाई.

रुपा


नालवाडी
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुपा,

तिथे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तू सोडा पाण्यात सोडलास आणि बकेटीतून वाफ निघाली, तेव्हा मी फाटकापर्यंत गेले होते. तुला दिसलं असेल. मागून बायजामाय आल्या. मला वाटलं, परत चला म्हणतील. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. वाफ कमी झाल्यावर आम्ही दोघी बरोबरच परत आलो.

तू पाणी गार होईपर्यंत थांबलीस. मी मनात म्हणत होते, आता ओतेल, आता ओतेल. तू ओतलं नाहीस. दर वेळी बकेटीला बाहेरून हात लावून पाहत होतीस. मग तेलात धार सोडलीस, ढवळत राहिलीस, आणि पिवळं तेल हळूहळू दाट, फिकं, कढीसारखं झालं. पळीतून सोडलेली धार वरच्या थरावर उमटून राहायला लागली. मी हे प्रयोगशाळेत कितीदा पाहिलंय, पण तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हे बघायला किती छान असतं.

आणि शकुंतलाबाईंनी विचारलं, "पोरी, ते हात जाळणारं पाणी गेलं कुठं?"

त्या मला पोरी म्हणाल्या, सदाशिवराव म्हणायचे तसं. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मला येत होतं. मी उठून बोलायला लागले. सोडा कुठं गेला नाही बाई, तो साबण झाला. आता त्याला परत सोडा व्हायला सांगितलं तरी होणार नाही. तेलही परत तेल होणार नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे माप बरोबर असलं तर कोणी वाईट उरत नाई." मी हो म्हटलं. बोलता बोलता मी बकेटीपासून हातभर अंतरावर उभी होते, ते मला घरी आल्यावर आठवलं.

परवा मी चहा केला. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी दोनदा कप भरून घेतला.

तू विचारलं होतंस. सदाशिवरावांच्या घरी अनुसयाबाई आहेत, एकट्या. मुलगी लग्न होऊन गेली. वस्तीतले लोक त्यांना सांगतात, तुझ्या नवऱ्याच्या घाईनं कारखाना बंद पडला.

मी चौकशीला येते असं आज कळवलं.

दीपमाला


हिंगणी
८ जानेवारी २०२५

प्रिय दीपमाला,

वड्या महिन्याच्या वर वाऱ्यावर होत्या. पहिली वडी कोणी लावावी याच्यावर वाद झाला. बायजामाय म्हणाली, "माह्यापासून सुरू झालं, मीच लावीन." तिनं जखमेच्या वणांवरच चोळली. आम्ही सगळ्या पाहत राह्यलो. दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाई आल्या, तिचे पंजे उलटेपालटे करून पाह्यले अन् दोन वड्या पदरात घेऊन गेल्या. आता गट पुढच्या तेलाचा विचार करून राह्यला. मापाचं काम त्यांनी मले देल्लं. आंजी गावच्या बायांनीही विचारलं, पण मी म्हटलं, पहिले माझ्या हातून चार खेपा सारख्या निघू द्या.

चौकशीत तुले उलटसुलट विचारतील. तू शकुंतलाबाईले सांगतलं तसंच त्यांना सांगजो. मोठे शब्द वापरू नको. पहिले काय झालं, मंग काय झालं, अन् त्याच्यामुळं काय झालं. तुझ्या तोंडून ते ऐकलं की माणसाचा विश्वास बसतेच.

मी तुझ्यासोबत याले तयार होती, पण काकाजी सोबत आहेत ते बरं. पोचली की लिहिजो.

रुपा


कारखान्याच्या गावाहून
२४ जानेवारी २०२५

प्रिय रुपा,

लॉजच्या खोलीत बसून लिहिते आहे. बाबा गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेलेत. काल झालं.

लांब टेबल होतं. एका बाजूला चौकशी अधिकारी, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे दोन साहेब आणि त्यांचा वकील. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अनुसयाबाई. मी आत गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वकिलानं विचारलं, "तुम्ही घाबरला होता ना?" मी म्हटलं, हो. "घाबरलेल्या माणसाला नीट दिसतं का?" मी म्हटलं, मी घाबरून काट्याकडेच बघत होते, त्यामुळे काटा मला नीट दिसला. काटा चढायला लागला तेव्हा झडप बंद होत होती. मग मी विचारलं, भांड्यात काय होतं ते सांगू का? अधिकारी म्हणाले, सांगा.

मी तू म्हणालीस तसंच सांगितलं. दोन पदार्थ भेटले की उष्णता निघते. ती बाहेर काढायला गार पाणी लागतं. पाणी थांबलं की उष्णता आत साठते, साठलेली उष्णता क्रियेला पळवते. झडप बंद केल्यानं नवीन पदार्थ येणं थांबतं, आधीचा थांबत नाही. सदाशिवरावांनी घाई केली असती तर काटा पंप थांबायच्या आधी चढला असता. तो नंतर चढला. पंप अडखळतोय हे मी आधीच लिहून दिलं होतं, तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, पंप कधीपासून अडखळत होता? साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांनी पंपाच्या दुरुस्तीची सगळी माहिती आठवड्यात हजर करायला सांगितली.

निकाल काय लागेल, मला माहीत नाही. वेळ लागेल म्हणतात. पुन्हा बोलावतील, तेव्हा पुन्हा येईन.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसले. अनुसयाबाई येऊन शेजारी बसल्या. आम्ही कधी भेटलो नव्हतो. त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू आत जे सांगितलंस, त्यातलं मला अर्धंच समजलं. मला एवढंच सांग, शेवटी ते काय करत होते?"

मी म्हटलं, "मला बाहेर काढत होते."

त्यांनी माझा डावा हात हातात घेतला. ओढणी बाजूला केली, भाजलेल्या चामडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मग काढलं की."

तुझी,
दीपमाला